आधी काच पुसायला शिक

मॅडम, तुमचं चुकलं होतं. हे तुमच्यासमोर म्हणायची माझी कधी छाती झाली नसती, म्हणून तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितेय. विटाव्याजवळ साडी खोचून तुम्ही खाडीच्या चिखलात उतरायचात आणि मागून आम्ही पोरी पिशव्या धरून. खारफुटीची कुजकी फांदी आणायची, डब्यात ओलसर ठेवायची आणि तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके उगवायची वाट बघायची. एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावून मी म्हणाले, "मॅडम, बीजाणूच्या टोकाला काहीतरी चिकटलंय." तुम्ही न बघताच म्हणालात, "आधी काच पुसायला शिक." सगळा वर्ग हसला. त्या बुरशीला तुम्ही परदेशातल्या एका जुन्या बुरशीचं नाव दिलंत आणि तसं छापलंतही.

यंदा त्याच किनाऱ्यावरची फांदी माझ्या डब्यात होती. रंगाची बाटली संपलेली, म्हणून काचेवर खाडीच्याच पाण्याचा थेंब टाकला. बघते तर बीजाणूच्या टोकावरची टोपी उलगडतेय, लोकरीचा गुंडा सुटावा तसा तिचा लांब दोरा होतोय. तुम्ही नेहमी आधी रंग द्यायचात, आणि रंगात हा दोरा सुटतच नाही, टोपी होऊन बसून राहतो. त्या परदेशी बुरशीला ना टोपी, ना दोरा. म्हणजे ही नवी जात. डीएनएचा रिपोर्टही तेच म्हणाला. पण छापण्याआधी एक बघणं भाग होतं, तुम्हाला तेव्हा सापडली ती हीच होती का.

तुमच्या काचांची पेटी तुमच्या यजमानांकडे, म्हणजे आमच्या काकांकडे, माजिवड्याच्या घरी. तुमचा मायक्रोस्कोप त्यांनी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच ठेवलाय. मी काच काढते, नीट पुसते, लावते. काका चहाचा कप धरून माझ्या मागे उभे. "तिचं बरोबर आहे ना गं?" फोकस काही जमत नाही. मग टोपी दिसली. नवी जात तुमच्या हातात होती आणि तुम्ही तिला दुसरीचं नाव लावून पेटीत बंद केलंत. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी मान वर केलीच नाही, नुसते खांदे हलत होते.

"रडू नकोस," काका म्हणाले. त्यांनी कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "चुकलं असेल तर चुकलं लिही. जन्मभर पोरांच्या जर्नलमध्ये लाल शाई ओतली तिने. आता तिची पाळी."

आज सकाळी लेख पाठवला. आधीची ओळख चुकीची होती, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ही बुरशी सगळ्यात आधी तुम्हाला सापडली, हेही लिहिलंय. हे पत्र मात्र कुठे जाणार नाही, काकांच्या हाती तर नाहीच. कारण त्या दिवशी मी रडत नव्हते, मॅडम. मला हसू आवरत नव्हतं.