गुरांच्या डॉक्टरणीला धोरण शिकायचंय

दादर, रविवार दुपार

ती. नलूमावशीस,

वैदेहीचा नमस्कार, अगदी साष्टांग (मनातल्या मनात, प्रत्यक्ष घालायला आमच्या घरात तेवढी आडवी जागा नाही). गुडघे काय म्हणतात? रोह्याच्या वैद्यांचं तेल चोळतेस, की वास घेऊन फळीवर ठेवून देतेस? फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. दोन खोल्यांत मी फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं. न बोललेलंही जातं.

तर, मी सार्वजनिक धोरण शिकायला अर्ज केला. म्हणजे सरकारनं काय करावं, कसं करावं आणि कुणासाठी, याचा अभ्यास. दोन वर्षं, बंगळुरूला. परळला म्हशींच्या पोटात हात घालून डिग्री मिळवलेल्या मुलीला हे कुठून सुचलं, असं सगळ्यांनी विचारलं. सुचलं शिवडीला. तिथे गोदामांमागच्या वस्तीत कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला एका संस्थेची गाडी जाते, तिच्यावर मी असते. गाडी जाते भर दुपारी. कुत्री ज्यांच्या हाकेला येतात ती माणसं तेव्हा कामावर. आम्ही जाळी घेऊन धावतो, कुत्री आमच्याहून चांगली धावतात, आणि लसी परत येतात. मे महिन्यात तिथल्या एका मुलीला कुत्रं चावलं. (बरी आहे ती, इंजेक्शनं वेळेवर मिळाली.) तेव्हापासून गाडीची वेळ कोण ठरवतं, हे मी विचारत सुटले, आणि प्रत्येकानं वर बोट दाखवलं. तिथे वर काय चालतं ते मला शिकायचंय, मावशी. इतकं, की माटुंग्याला कॉलेजबाहेर मुलं पुस्तकं उघडी टाकून वाद घालत बसलेली दिसली की मी उगाच चपलेचा पट्टा नीट करत थांबते.

अर्जासोबत निबंध लागतो. शेजारचा सिद्धार्थ (मोठ्या कंपनीत आहे, दुसऱ्यांना सल्ले देतो) वाचून म्हणाला, यातली कुत्री काढ. कुत्री काढल्यावर माझं नाव आणि ‘आपली विश्वासू’ एवढंच उरलं. परत घातली. परळच्या आमच्या सरांनी शिफारसपत्र अगदी मनापासून दिलं: उमेदवार बिथरलेल्या बैलासमोरही शांत असते.

मुलाखत ऑनलाइन होती. घरी वरच्या मजल्यावर लादी फोडत होते, म्हणून मी काम करते त्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसले, बाहेर ‘बंद’ची पाटी लावून. समोर तिघंजण. चांगलं जनावरांचं काम सोडून इकडे का येताय, असं त्यांतल्या एका सरांनी विचारलं, आणि नेमके तेव्हाच लालबागचे राजरत्नकाका पिशवीत मांजर घेऊन आत आले. (पाटीकडे ते कधीच बघत नाहीत.) मांजर पिशवीतून थेट लॅपटॉपवर. मी त्याची मानगूट धरली आणि म्हटलं, “सर, मी रोज तीच जखम शिवते. ती होते कुठे, ते मला बघायचंय.”

मग त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, त्यांचा बोका सारखी मान झटकतो, काय करावं. उरलेली मुलाखत बोक्याच्या कानावर झाली. आपलं काही खरं नाही, असं समजून मी घरी आले आणि आईशी विनाकारण भांडले.

परवा कळलं, निवड झाली. शिष्यवृत्तीही आहे. आई लगेच “जा” म्हणाली, इतकं लगेच, की मलाच लागलं. आणि जे हवं म्हणून इतके महिने जीव टाकला, ते हातात आल्यावर मी या दोन खोल्यांचीच आठवण काढत बसलेय, दोन खोल्यांतच बसून.

तब्येतीला जप.

तुझी,
वैदेही

ता. क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं: तू इथे येऊन राहशील का? तुमचं दोघींचं पटत नाही, ठाऊक आहे. पण आईला एकटीपुरता भात लावता येत नाही. कधी लावलाच नाही तिनं. मी विचारलं असं तिला सांगू नकोस.

ता. क. नले, पोरीनं पाकीट न चिकटवता टेबलावर ठेवलंय, म्हणजे मी वाचावं हीच इच्छा. तिचं काही ऐकू नकोस. मला कुणाची गरज नाही. खिडकीजवळची खाट माझी, तेवढं लक्षात ठेव. आणि यायचंच तर ती जायच्या आधी ये. तिला गाडीत बसवीन मी हसत. स्टेशनावरून परत येताना मात्र कुणीतरी बरोबर हवं. — बेबी