मूळ पुन्हा छापून बघ

कोपर, डोंबिवली (प.)
बुधवार, १८ नोव्हेंबर १९९८

रतन,

नमस्कार. पुण्याच्या ऑफिसात रुळला असशील. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते. आधी काय घडलं ते.

१. सोमवारी, ९ तारखेला, रंगाच्या कारखान्यात मालननं आपण करून दिलेल्या प्रोग्रॅमवर मूळ रेसिपीची प्रत काढली. लॅबमधल्या ट्रायलसाठी त्या प्रतीत आम्ल दुप्पट केलं.
२. त्याच दुपारी सुपरवायझर उत्तमनं मोठ्या टाकीसाठी मूळ रेसिपी उघडली. तिच्यातही आम्ल दुप्पट होतं.
३. टाकी उतू गेली. टाकीवरच्या तानाजीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.
४. मालनला घरी बसवलंय. येत्या मंगळवारी चौकशी आहे.
५. तू आपल्या साहेबांना सांगितलंस, "प्रोग्रॅम बरोबर आहे. बाईनं मूळच बदललं."

मी मोहन्याला मालनच्या घरी गेलेले. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "ताई, एकवीरा आईची शप्पत, मी मुळाला हातच नाय लावला." उत्तम सगळ्यांसमोर तिला म्हणालेला, "मशीन खोटं बोलत नाय, बायका बोलतात." नोकरी गेली तर तिला दुसरीकडे कोणी मशीनसमोर बसवणार नाही. तानाजी तिच्याच आळीतला आहे. त्याची बायको तिच्याशी बोलत नाही.

प्रोग्रॅममधली प्रत काढायची तुझी ओळ मी वाचली. ट्रायल = मूळ. त्यानं दुसरी रेसिपी तयार होत नाही, त्याच रेसिपीला दुसरं नाव मिळतं. मालननं ट्रायल बदलली म्हणजे मूळच बदललं. तिला ते कळायला मार्ग नव्हता.

तुला होता. चाचणीच्या दिवशी तू आधी मूळ छापलंस, मग प्रत काढून बदललीस आणि ती छापलीस. दोन कागद वेगळे आले म्हणून तू खूश. मी म्हटलं, आता मूळ पुन्हा छापून बघ. तू म्हणालास, "अगं मास्तरीणबाई, प्रिंटरची रिबीन काय तुझ्या बाबांच्या दुकानातली आहे?" सगळे हसले. पहिला कागद आधीच बाहेर आलेला, तो कसा बदलणार? परवा मी मुळाचा तिसरा कागद छापला. तो दुसऱ्यासारखाच आला. तिन्ही सोबत आहेत.

काल तू फोनवर म्हणालास, "गुपचूप ती ओळ बदल ना. आता तू घरचीच." मी बदललेली नाही. बदलली तर मालनकडे दाखवायला काही उरणार नाही. प्रोग्रॅम बरोबर असल्याच्या कागदावर साहेबांना माझी सही हवी आहे. तीही केलेली नाही.

रविवारी तुझी आई आलेली. साखरपुड्याचं बोलली, साडीचा रंग विचारला. लग्नात ताटातल्या तांदळावर माझं नवं नाव मंदाकिनी लिहायचं त्यांच्या मनात आहे. मी मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. तांदळावर नाव लिहिल्यानं दुसरी मुलगी तयार होत नाही, रतन. मंदाकिनीनं ती सही केली तरी ती मीच केलेली असेल. मालनच्या घरचा चहा मीच प्यायलेय.

साखरपुड्याचं तुझ्या आईला मी अजून हो-नाही काही कळवलेलं नाही.

दोष तुझ्या ओळीत आहे, हे साहेबांना लेखी कळव. कळवलंस की नाही, याचं उत्तर मला सोमवार, २३ तारखेपर्यंत दे.

शीला