नोंदीतली चूक

१२ सप्टेंबर
नॉर्बी गावात येऊन आज आठवडा झाला. घर लहान आहे, पण हीटर चालतो, खिडकीतून बीटची शेतं दिसतात, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम मला मानवलं आहे. शेजारच्या आर्लिसबाईंनी पहिल्याच दिवशी खिमा-बटाट्याचं हॉटडिश, भट्टीत भाजलेलं, भांड्यासकट आणून दिलं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी: 'आर्लिस आणि रॉय'. भांडं परत करायची घाई नाही म्हणाल्या, म्हणजे लवकर करायचं.

लिनेयाची खोली मी पिवळी रंगवली. माझी लेक नऊ वर्षांची आहे, सध्या फार्गोला बापाकडे, टॉडकडे. न्यायाधीशांनी सांगितलं की उपचार नीट घ्या, बऱ्या झाल्याचं पत्र आणा, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण, तेव्हापासून पोर तुमच्याकडे. पत्र मी आणणारच.

१९ सप्टेंबर
मनोविकारतज्ज्ञ इथून तीन तासांवर, तेही सहा महिने थांबल्यावर. म्हणून व्हर्ना. नर्सच, पण तपासायचा आणि औषध लिहून द्यायचा परवाना असलेली. आजूबाजूच्या सगळ्या गावांना मिळून ती एकटीच. बोलणं लोण्यासारखं. आई गेल्यावर मी चार महिने अंथरुणातून उठले नव्हते, ते सगळं सांगितलं. ती टाइप करत राहिली, माझ्याकडे दोनदाच पाहिलं.

संध्याकाळी भेटीची नोंद फोनवर आली; पेशंटला ती वाचता येते. सगळं बरोबर, एक सोडून: 'डावा हात थरथरतो.' माझा हात अगदी स्थिर आहे. कळवावं का? पण पहिल्याच भेटीत कुणाची चूक काढणं बरं दिसत नाही. आमच्याकडे कुणी असं करत नाही. राहू दे.

२६ सप्टेंबर
सकाळी डाव्या हातातून सूपचा डाव निसटला. हात थरथरत होता. गोळ्यांमुळे होतं, असं व्हर्ना म्हणाली. असेलही.

आजची नोंद: 'कॉफीचा वास सहन होत नाही.' हे मी कधी बोलले?

३० सप्टेंबर
कॉफीने उलटी झाली. दिवसाला सहा कप रिचवणारी बाई मी.

भांडं परत करायला गेले. आर्लिसबाईही व्हर्नाकडेच जातात. नोंदींत लहानसहान चुका असतात, पण त्यावरून काय बोलायचं, म्हणाल्या. 'अगं ग्रेचेन, गुणी बाई आहे ती, कशाला तिचं मन दुखवायचं?' मी सहज विचारलं की रॉय कसे आहेत. त्यांनी भांडं उलटं करून पट्टी वाचली, पुन्हा वाचली. रॉय कोण ते ठाऊक नाही, चर्चच्या जेवणात कुणाचं तरी भांडं बदललं असेल, म्हणाल्या.

दाराशी पुरुषी बूट होते. भले मोठे.

१० ऑक्टोबर
जावंच लागतं. पत्र तिच्या हातात आहे.

या वेळी बोललेच, अगदी नम्रपणे. तिने दुरुस्तीचा अर्ज पुढे केला, उत्तर साठ दिवसांत. मग म्हणाली की संशय येणं हेही या आजारातलंच, आणि टाइप करू लागली. वाद घातला तर तेही नोंदीत जाणार. मी आभार मानून बाहेर आले. आभार मानले मी तिचे.

११ ऑक्टोबर
कालच्या भेटीची नोंद आज आली: 'एकटी राहते. मूलबाळ नाही.'

फार्गोला फोन लावला. लिनेया आली. पडलेल्या दाताबद्दल बोलत होती. मी रडले, तिला कळू दिलं नाही. मला भीती वाटते आहे. हात, कॉफी, रॉय—आता ही.

चिकटपट्टीवर लिहून पिवळ्या खोलीच्या दाराला लावलं: 'लिनेया, माझी लेक'. न्हाणीघरात एक. फोनवर एक.

१५ ऑक्टोबर
लिनेया. दात पडला. वरचा की खालचा?
डोळे—बापासारखे. बापाचे कसे आहेत?

२१ ऑक्टोबर
फोनवर चिकट काहीतरी होतं, खरवडून काढलं. मग एका मुलीचा फोन आला, मम्मा म्हणाली. चुकीचा नंबर लागला, असं समजावलं. रडायला लागली बिचारी. गोड आवाज—

१४ नोव्हेंबर
व्हर्नाने पत्र दिलं. पूर्ण बरी, तक्रार नाही. आता काही खुपत नाही. पत्र कोर्टात पाठवायचं, म्हणाली. कशासाठी ते विचारलं नाही. बरं दिसलं नसतं.

२७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. एकटीपुरती टर्की आणली. पिवळ्या खोलीच्या दारावर पट्टी आहे, कुणाच्या तरी लेकीचं नाव. अक्षर माझ्यासारखं. आधीच्या भाडेकरूंचं असेल—

बाहेर गाडी थांबली. एक मुलगी उतरली, पाठीवर पिशवी. पायऱ्या धावत चढते आहे, हसते आहे, वरचा एक दात नाही. हात पसरलेत. कसं सांगावं, मन न दुखवता. बाळ, तुझं घर चुक—