लिंबाला पाणी कोण घालतं?

१२ फेब्रुवारी

ऊन तापायला लागलं. साडेसहालाच गच्चीवर गेले. कुंड्यांतली माती खुरप्याने मोकळी केली, काल भिजत घातलेलं भेंडीचं आणि काकडीचं बी पेरलं. सगळ्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या, ती भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. कंबर बोंबलतेय!

मधल्या पिंपातल्या लिंबाच्या झाडाची पानं पिवळी पडलीत. सासूबाईंनी लावलेलं झाड. त्या गेल्यावर गच्चीची वाटणी झाली आणि हे नेमकं मध्ये आलं, म्हणून कोणाचंच नाही. जाऊबाई त्याला थेंबभर पाणी घालत असतील तर शपथ! मीच बादलीभर घातलं. रोजच घालते.

१५ फेब्रुवारी

पानं आणखी पिवळी. दोन बादल्या.

१९ फेब्रुवारी

शाळेच्या गणवेशांच्या सुती चिंध्या पोतंभर साठल्यात. त्या लिंबाच्या मातीवर जाड अंथरल्या. उन्हाळ्यात माती अशी झाकली की ओल टिकते. शिवणकामाचा एवढा तरी उपयोग!

संध्याकाळी जाऊबाईंची चप्पल जिन्यात वाजली. त्या खालच्या मजल्यावर, मी वरच्या. सकाळची गच्ची माझी, संध्याकाळची त्यांची. हे कोणी ठरवलं नाही, नऊ वर्षांत ठरत गेलं. आमचे नवरे, दोघे भाऊ, दीड वर्षाच्या अंतराने गेले. दोन्ही वेळा आम्ही एकाच खोलीत बसलो, आणि एकमेकींशी अवाक्षर बोललो नाही.

२४ फेब्रुवारी

पुतणी जिन्यात भेटली. तिच्या आईला कायमचं आपल्याकडे न्यायचं म्हणतेय. "एकतीस मार्चला गाडी घेऊन येते, काकू. आईचे गुडघे बघवत नाहीत."

मी म्हटलं, "छान झालं."

काय छान झालं? घरात येऊन मशीनवर बसले आणि एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. उसवत बसले.

याच मुलीवरून झालं होतं सगळं. ती बारावीत असताना तापाने फणफणलेली, मी म्हटलं डॉक्टरकडे न्या. जाऊबाई म्हणाल्या, "तुला मूल असतं तर कळलं असतं." चारचौघांत! त्या दिवसापासून मी तोंड मिटलं. पण त्या नाहीत अशा घरात मला राहायचं नाहीये. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे सांगू?

३ मार्च

रोपवाला खत घेऊन आला. झाड बघून चिंध्या बाजूला केल्या, मातीत दोन पेरं बोट खुपसलं. बाहेर काढलं तर चिखल! कुबट वास, वर चिलटं.

"ताई, हे तहानलेलं नाही, बुडालंय. खालच्या ताईपण हेच विचारत होत्या, लिंबू पिवळं का पडलं. त्या रोज संध्याकाळी दोन बादल्या घालतात."



म्हणजे सकाळी मी, संध्याकाळी त्या! पान पिवळं दिसलं की दोघीही दुसरीच्या नावाने बोटं मोडायच्या आणि आणखी पाणी ओतायच्या. दोन शहाण्या बायका आणि मध्ये ते बिचारं झाड. हसू आलं, मग बराच वेळ रडू आलं.

रोपवाला म्हणाला, आठ दिवस पाणी बंद. नंतर बोट घालून बघायचं, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. सडकी मुळं छाटायला मी माझी कापडाची कात्री दिली. जिला जन्मात कागद लागू दिला नाही, ती! खाली जाताना तो जाऊबाईंनाही सांगून गेला.

११ मार्च

आठ दिवस झाले. एक कोवळी पालवी, नखाएवढी.

१८ मार्च

माती भेगाळलीय, पालवी मलूल. मी म्हटलं त्या घालत असतील. त्यांनी म्हटलं असेल मी घालतेय. आता दोघींनी मिळून वाळवायला घेतलंय! कोणीतरी बोलायला हवं. बादलीभर घातलं आणि खाली आले. जिन्यात त्यांच्या दारापाशी थांबले, आतून भांड्यांचा आवाज येत होता. हात उचलला, पण दार वाजवलं नाही.

२० मार्च

कापडावर खुणा करायचा निळा खडू घेऊन गेले. पिंपावर लिहिलं — सोम, बुध, शुक्र मी. खडू तिथेच ठेवला.

दिवसभर टाके सरळ पडले नाहीत.

२१ मार्च

माझ्या ओळीखाली त्यांचं अक्षर! मंगळ, गुरू, शनी मी. रविवारी त्याला सुट्टी.

नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य. तीन वेळा वाचलं. माती ओली होती, पण बेताची.

२७ मार्च

चार नवी पानं. एक कळी. पिंपावर नवीन ओळ — "दुपारी जुनी साडी बांध वर. ऊन फार आहे." बांधली. त्यांनी झाडासाठीच लिहिलं असेल, मला मात्र माझ्यासाठी वाटलं.

३१ मार्च

गाडी दुपारीच आली. सकाळपासून खाली कपाटं उघडल्याचे, सामान ओढल्याचे आवाज. जाऊ नका, एवढंच म्हणायचंय. पण कोणत्या तोंडाने म्हणू? मुलगी प्रेमाने नेतेय. पुतणी आज मुक्कामाला आहे, उद्या निघणार.

१ एप्रिल

पुतणी एकटीच निघाली. गाडी रिकामी. माझ्या दारात येऊन म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा हिला. येत नाही म्हणते. म्हणे, उद्या गुरुवार."