आत्याच्या फुलदाणीचा साचा कुणाकडे जावा याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय एकवीस पूर्ण, घरात ‘भडका’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि रागात नसताना लिहीत आहे. (आई म्हणते, या दोन गोष्टी माझ्या बाबतीत एका वेळी क्वचितच जुळतात. आज जुळल्या आहेत.) माझ्यावर कुणाचं दडपण नाही. उलट घरातल्या प्रत्येकाने नको म्हटलं आहे.

उद्या सकाळी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, “अर्ध्या तासाचं काम. मृत्युपत्र कसलं करतोस, चार दिवस डबा कोण आणणार ते बघ.” अर्धा तास हा त्यांच्या बाजूने. माझ्या बाजूने मी बेशुद्ध असणार, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

१. गच्चीवरच्या खोलीतली विजेची जुनी भट्टी मातीकामाच्या क्लासच्या काकांना द्यावी. ती वर चढवताना काका म्हणाले होते, “चार माणसं लागतील.” मी म्हटलं, “बघू या.” त्यातूनच वरील ऑपरेशन उद्भवलं. काकांनी नेताना चार माणसं आणावीत. “मी सांगितलं होतं” हे वाक्य त्यांनी एकदाच म्हणावं आणि तेही जिना उतरल्यावर.

२. निळा वाडगा बाबांना. ‘पोरगं कॉलेज सोडून गाडगी घडवतं’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि स्वतःच्या किल्ल्या मात्र त्याच वाडग्यात ठेवतात. कॉलेजबद्दल एकदाच लिहून मोकळा होतो. अकाउंट्सचा तास आणि मातीचा क्लास एकाच वेळी असायचा, आणि क्लासला ती यायची. ती म्हणजे कोण, ते कलम ४ मध्ये येईल. सर म्हणाले, “आत्ता उठून गेलास तर परत येऊ नकोस.” मी गेलो नाही परत. वडीलधाऱ्यांचं ऐकत नाही हा माझ्यावरचा आरोप यामुळे खोटा ठरतो.

३. माझी बाकीची सगळी भांडी आईला. ती आईने वाटून टाकली तरी हरकत नाही, पण घेणाऱ्याला पुढील गोष्टी सांगाव्यात. तळाला कोरलेला १७ हा माझा क्रमांक आहे, साल नव्हे. आमच्या क्लासात सगळ्यांची भांडी एकाच भट्टीत भाजतात. बाहेर काढल्यावर ‘हे माझं, ते तुझं’ करत लोक एकमेकांच्या अंगावर जातात, म्हणून प्रत्येकाने तळाला आपला क्रमांक कोरायचा अशी पद्धत आहे. झिलईवरचं बारीक चिरांचं जाळं जुनेपणामुळे आलेलं नाही. मला धीर नव्हता, मी भट्टी गरम असतानाच उघडली. भांड्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक उभी रेघ दिसली तर ते साच्यातून निघालेलं आहे, कुठल्याही उस्तादाच्या हातचं नाही. हिरव्या कपाची झिलई कच्ची आहे, त्यातून चहा पिऊ नये. हे सगळं मी कुणाला उद्देशून लिहीत आहे ते संबंधितांना समजेल.

४. आता साचा.

माझ्याकडे प्लास्टरचा दोन भागांचा एक साचा आहे. तो आत्याचा. माझ्याआधी घरात तीच क्लासला जायची, तिचा क्रमांक ३१. साच्यात पातळ माती ओतली की पक्ष्याच्या आकाराची मूठ असलेली फुलदाणी निघते. एकदा साचा आत्याच्या हातून पडला आणि चोचीपाशी टवका उडाला. तेव्हापासून त्यातून निघणारा प्रत्येक पक्षी भिंतीवर आपटल्यासारखा दिसतो. अशी एक फुलदाणी आत्याने शाळेच्या मदतीसाठी भरलेल्या विक्रीत देऊन टाकली होती.

आता कलम २ मधली ती. तिचे बाबा जुनी भांडी जमवतात. तिने मला घरी जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी काचेच्या कपाटातला दिवा लावला. मधल्या फळीवर तो पक्षी होता.

मी फुलदाणी उलटी करून पाहिली. म्हटलं, “ही आमच्या आत्याची आहे.”

“ही शंभर वर्षांपूर्वीची आहे,” तिचे बाबा म्हणाले.

“आत्या अठ्ठावन्नची आहे.”

त्यांनी शांतपणे समजावलं, की एका जुन्या कारागिराने अशा मोजक्याच फुलदाण्या केल्या, ही त्यातली एकतिसावी, आणि बसकी चोच ही त्याची खूण. त्यावर त्यांनी पुस्तिकाही लिहिली आहे. येत्या रविवारी संग्राहकांच्या प्रदर्शनात ती वाटणार आहेत. मी म्हटलं, “तुमचा कारागीर आत्ता आमच्याकडे पाय वर करून टीव्ही बघतोय. साचा आणून दाखवू?” ते म्हणाले, “जेवून घ्या.” अहो-जाहो सुरू झालं तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

ती फाटकापर्यंत आली. “तुला जिंकायचं होतं की मला भेटायचं होतं?”

“दोन्ही.”

“एकच मिळतं,” ती म्हणाली आणि आत गेली.

४ (अ). साचा दुसऱ्या संग्राहकाला द्यावा, जो एका बशीवरून तिच्या बाबांशी बोलत नाही, म्हणजे रविवारी प्रदर्शनात तो— हे कलम मीच खोडलं आहे. कारण पुढे.

ती काल क्लासमध्ये माती मळता मळता माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती फुलदाणी आईने शोधली होती. जुन्या बाजारात. बाबांना आवडली नव्हती, आईने हट्टाने घ्यायला लावली. मग आई गेली आणि बाबांना ती शंभर वर्षं जुनी वाटायला लागली. तू आण तुझा साचा. मी काही अडवणार नाही.”

मी घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती पदर खोचून निघेल.

“काचेच्या कपाटात?” आत्याने विचारलं.

“हो.”

“दिवा लावून?”

“हो.”

“मग तुझ्या पोटात का दुखतंय? या घरात माझी फुलदाणी बाथरूमच्या दाराला टेकण म्हणून होती. राहू दे की बाई तिथे सुखाने.”

४ (आ). म्हणून साचा तिला द्यावा. फोडावा, ठेवावा की बाबांना दाखवावा, ते तिने ठरवावं. ती नको म्हणाली तर आत्याला. आईला देऊ नये, आई तो भंगारवाल्याला देईल.

५. बाकी मालमत्ता नाही. राग पुष्कळ आहे, तो कुणालाही देत नाही.

६. नंतर जोडलेलं कलम. मामा वकील आहेत. ते फोनवर म्हणाले, “दोन साक्षीदार घे. पण ज्याला काही द्यायचंय त्याची सही घेऊ नकोस. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.” शेजारचे दोघं येणार होते. त्यांच्याआधी ती आली, हातात डबा होता. तिने सगळं वाचलं, ४ (आ) दोनदा वाचलं. मग माझ्या खिशातलं पेन काढलं.

मी म्हटलं, “तू सही केलीस तर साचा तुला मिळणार नाही.”

“वाचता येतं मला.” तिने सही केली.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. “मग मलाच मिळणार तो. आण इकडे,” म्हणाली आणि तिनेही सही केली. म्हणजे आता साचा कुणालाच जात नाही.

“मग त्याचं करायचं काय?” मी विचारलं.

“ते तूच परत येऊन ठरव,” ती म्हणाली. “रविवारनंतर. आणि वजन उचलायचं नाही.”

असं असल्याने मला उद्या शुद्धीवर येणं भाग आहे. डॉक्टरांनी याची नोंद घ्यावी.

ठिकाण: गच्चीवरची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारचा चहा चालू असताना

लिहून देणार: भडका, १७

साक्षीदार पहिली: ती. (डबा तिचाच.)

साक्षीदार दुसरी: आत्या. (सहीच्या खाली सवयीने ३१ लिहिलं आहे. ते खरं आहे. कुणाला दाखवू नये.)