तीन मीटर वीस सेंटिमीटर

सोमवार, २२ जुलै. लिंत्स, ऑस्ट्रिया.
सर्बियातल्या गावाहून जीवोरादचा फोन. त्याच्या नातवाचं, स्त्राहिन्याचं, लग्न चार ऑगस्टला, रविवारी दुपारी एक वाजता. नवऱ्यामुलाचा साक्षीदार, म्हणजे कुम, मी. त्याने विचारलं नाही, फक्त कळवलं. विचारायचं काय त्यात? जीवोरादच्या बापाशेजारी चर्चमध्ये माझे आजोबा कुम म्हणून उभे राहिले, त्याच्याशेजारी माझा बाप, त्याच्या मुलाशेजारी मी. कुम आल्याशिवाय पाद्री पुस्तकसुद्धा उघडत नाही.
संकल्प: या वेळी गाडीने जायचं. मुलगी म्हणते, बाबा, एकाहत्तर वर्षांचे झालात, बसने जा. गाडी फक्त तेवीस वर्षांची आहे, हे ती सोयीस्करपणे विसरते.

बुधवार, २४ जुलै.
परदेशी गाडी नेताना काय काय लागतं त्याचं पत्रक आणलं. सर्बियाच्या रकान्यात त्रिकोण, जाकीट, औषधपेटी. सगळं आहे. शेवटी एक ओळ: गाडी ओढण्यासाठी दोर किंवा दांडा, किमान तीन मीटर. हे नाही.
खालच्या मजल्यावरचा मिलेता म्हणाला, पेट्रोलपंपावरून दोरी घे, माझी सहा वर्षं डिकीत पडलीये, कुणी कुत्रं विचारत नाही. मिलेता भिंतीवरचं फडताळ चिकटपट्टीने लावणारा माणूस.
मी दांडा करणार. दोरी नुसती ओढते, दांडा ओढतो आणि आवरतोसुद्धा. ट्रामच्या कारखान्यात चाळीस वर्षं वेल्डिंग केलं ते काय उगाच?

शनिवार, २७ जुलै.
दांडा तयार. तळघरातला पाइप, दोन्ही टोकांना कड्या. गाडीच्या हुकाचं माप घेऊन अशा बसवल्यात की केसभर हलायचं नाव नाही. लांबी तीन मीटर वीस. वीस जास्तीचे, सीमेवरच्या साहेबाने टेप कुठूनही धरली तरी कमी पडायला नको. लाल-पांढरा रंगही दिला.
माझी बायको रोसांदा जिन्यावरून बघत होती. म्हणाली, अरे माणसा, हा कुणाला ओढायला?
म्हटलं, नियम आहे.
म्हणाली, बरं, म्हणजे नियमाला ओढायला.
पाठ फार दुखते आहे.

सोमवार, २९ जुलै.
दांडा गाडीत मावत नाही. मापं घेतली होती, पण दांड्याची. टपावरचं कॅरिअर गेल्या वर्षी मीच विकलं. अर्धा कापून बिजागरी लाव, असं मिलेताने सुचवलं. बिजागरी म्हणजे कच्ची जागा. कच्ची जागा मी करत नाही.
तिरका घातल्यावर बसला: मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत, शेजारची सीट आडवी करून. रोसांदाने विचारलं, आणि मी? मागे ऐसपैस जागा आहे म्हटलं. ती वाकून आत शिरली. एका बाजूला आहेराची रजई, डोक्यावर पाइप. दोन मिनिटं बसली, बाहेर आली, आणि बसचं तिकीट काढलं.
रागवायचं नाही असं ठरवलं आहे. बसमध्ये पाय आखडले की कळेल तिला.

शुक्रवार, २ ऑगस्ट.
रोसांदा दुपारच्या बसने गेली. खिडकीतून म्हणाली, दोरी घे. मिलेतानेही आपली दोरी आमच्या दाराला अडकवून ठेवली होती. मी ती परत त्याच्या दाराला अडकवली. भांडण नाही, काही नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट. पहाटे ५.
निघतो आहे. बारापर्यंत सीमा, पाचपर्यंत गाव. मग दाढी, सूप, झोप. कुमने लग्नात ताजंतवानं दिसायला हवं.

दुपारी १२.४०.
रांग. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधले आमचे सगळे लोक एकाच शनिवारी घरी निघालेत. लोक रस्त्यावर कलिंगडं कापताहेत.

४.१५.
तीनशे मीटर पुढे. इंजिनचा काटा वर चाललाय. अशा वेळी हीटर पूर्ण सोडायचा, उष्णता निघून जाते. ती माझ्या अंगावर निघून येते आहे. दांडाही इतका तापलाय की कोपर टेकवत नाही.

७.३०.
सर्बियाची चौकी. साहेबाने पासपोर्ट बघून जा म्हटलं. मी म्हटलं, साहेब, ओढण्याचा दांडा, तीन मीटर वीस. तो म्हणाला, मग? म्हटलं, मोजा. तो म्हणाला, काका, मागे चार किलोमीटर रांग आहे, जा की घरी. म्हटलं, मग दांडा नियमात बसतो एवढं लिहून द्या, परतीला कामाला येईल.
त्याने कपाळाला हात लावला आणि मला बाजूला उभं राहायला सांगितलं. मोठे साहेब येतील म्हणे. इंजिन चालूच ठेवलं, उगाच बंद-सुरूचा ताण नको.

८.१०.
बॉनेटमधून वाफ. मोठे साहेब आले, म्हणाले, काका, कागद राहू द्या, आधी गाडी विझवा.
आज इथेच. सकाळपर्यंत थंड होईल. नव्या गाड्यांना हे जमत नाही.

रविवार, ४ ऑगस्ट. सकाळी ६.३०.
थंड झाली. सुरू होत नाही. गाव अडीचशे किलोमीटर, लग्न एक वाजता. अजून वेळ आहे.

७.४५.
ग्रात्सहून गावी निघालेला एक व्हॅनवाला भला निघाला. पुढच्या शहरातल्या गॅरेजपर्यंत ओढतो म्हणाला. मी दांडा काढला. माझ्या बाजूला असा चपखल बसला की डोळे निवले. त्याच्या बाजूला बसेना. दोन्ही कड्या माझ्याच हुकाच्या मापाच्या.
त्याने दोन्ही कड्यांत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, काका, याने तुमच्या गाडीला फक्त तुमचीच गाडी ओढू शकेल.
त्याने स्वतःची दोरी काढली. तो ती बांधेपर्यंत मी दांडा घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो.

९.२०. गॅरेज.
मिस्त्री रविवारी येत नाही. रोसांदाला फोन केला. म्हटलं, थांबवून धरा, कुम मीच आहे. ती म्हणाली, पाद्रीला तीन वाजता दुसऱ्या गावात लग्न आहे. जीवोराद परसात एकटाच येरझाऱ्या घालतोय, माझ्याशीही बोलत नाही. म्हटलं, सांग त्याला, आमच्या घराने कधी पाठ दाखवलेली नाही. ती म्हणाली, बघते.

संध्याकाळी ६.
कलिंगडांच्या ट्रकमधून गावात उतरलो. फाटकाबाहेर बँड ऐकू येत होता. वाटलं, थांबले माझ्यासाठी.
मांडवात मुख्य टेबलाशी, नवऱ्यामुलाशेजारी, खांद्यावर कुमचा भरतकामाचा टॉवेल घेऊन रोसांदा बसली होती. जीवोराद मला मिठी मारून रडला. म्हणाला, बरोबर पाऊणला तुझी बायको उठली आणि म्हणाली, कुमपण घराचं असतं, नवऱ्याचं नव्हे, चला. पाद्रीने पुस्तक उघडलं.
मग त्याने मला सगळ्यांसमोर उभं केलं: मंडळी, हे आपल्या कुमाबाईंचे यजमान.
टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. जागा ट्रकवाल्याशेजारी मिळाली.

सोमवार, ५ ऑगस्ट. सकाळी ९.
नाही म्हटलं तरी कुमपण आमच्याच घरात राहिलं. तसा बेत माझाच होता म्हणायला हरकत नाही. तिला आधी पाठवलं ते कुणी?
आत्ताच स्त्राहिन्या नवरीला घेऊन आला. कुमच्या हाताचं चुंबन घ्यायला नवरी दुसऱ्या दिवशी येते. मी हात पुसून पुढे केला. तो ओशाळून म्हणाला, काका, कुमाबाई उठल्यात का?
म्हटलं, झोपल्यात. दमल्यात बिचाऱ्या.
दोघं अंगणात थांबलेत. मी कॉफी करायला ठेवली आहे.