कागदी की जाळीचा

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

लाल एटीव्हीचं ऑइल काढलं. काळंकुट्ट, आणि बोटांत चोळलं तर रेतीची कचकच! फिल्टर उघडला तर आतल्या कागदाचा लगदा. कुणीतरी गाडी पुन्हा लाटेत घातली असणार. पाण्यात नेऊ नका, पाण्यात नेऊ नका, म्हणून मी घसा फोडते. पर्यटक शहाण्यासारखी मान डोलावतात आणि सरळ समुद्रात शिरतात.

दिवाळीत रितेशने घरात सगळ्यांदेखत सांगून टाकलं आहे — या हंगामात आणखी एक इंजिन उघडावं लागलं तर दोन्ही गाड्या विकायच्या आणि मी रोह्याला जायचं, त्याच्या कंपनीजवळच्या खोलीत. मी हो म्हटलं. नवराबायकोने किती वर्षं असं वेगळं राहायचं, हे त्याचं म्हणणं काही खोटं नाही. पण मला इथून जायचं नाही. दिवेआगरच्या किनाऱ्यावर चारचाकी बाइक फिरवायला द्यायचा हा धंदा मी उभा केला आहे. रोह्याला जाऊन काय करू? कुकरच्या शिट्ट्या ऐकू?

तेव्हा इंजिन बिघडू द्यायचं नाही, एवढंच.

बुधवार, १३ नोव्हेंबर

श्रीवर्धनला हर्षद मिस्त्रीकडे जाऊन आले. त्याने दोन जातींचे फिल्टर पुढ्यात ठेवले. कागदी — बारीक धूळसुद्धा धरतो, पण तुंबतो. तुंबला की तेल न गाळता तसंच पुढे जातं. पाणी लागलं की मेलाच. दुसरा स्टीलच्या जाळीचा — धुवून पुन्हा वापरायचा, पाण्याला भीत नाही, तेल मोकळं वाहतं. पण अगदी बारीक कण सोडून देतो.

"मग चांगला कुठला?" विचारलं.

"वहिनी, मला नका विचारू. तुमच्या रेतीला विचारा."

आगाऊ आहे, पण बोलला बरोबर. दोन्ही आणले. लालला जाळीचा, निळीला कागदी. बघू कोण टिकतं.

घरी सासऱ्यांचं वेगळंच. जन्म मुंबईत टॅक्सी चालवण्यात गेला, त्यामुळे इंजिनाचा विषय निघाला की त्यांना राहवत नाही. "कागुद कवा तेल गाळतो काय? कागदात भजी बांधत्यात. जाळीच बरी." सासूबाई सुपारी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

गर्दी. दोन्ही गाड्या दिवसभर पळाल्या. पाठ गेली कामातून.

रविवार, १ डिसेंबर

आज निकाल! जुन्या धोतराचे दोन तुकडे केले, दोन्ही गाड्यांचं तेल वेगवेगळं गाळलं आणि फडकी अंगणात उन्हात पसरली. निळीचं फडकं जवळजवळ स्वच्छ. लालच्या फडक्यावर रेतीचं पीठ, तांदळाच्या कण्यांहून बारीक. म्हणजे गाळायला कागदीच सरस. पण निळीचा कागद एका बाजूने फुगला होता. आणखी चार फेऱ्या ओल्या रेतीत गेल्या असत्या तर फाटलाच असता.

शिवाय मुळात रेती शिरते ती हवेच्या फिल्टरमधून. तिथला स्पंज तेलात बुडवून बसवला. चोर पुढच्या दाराने येतोय आणि मी मागच्याला कुलूप लावत बसले होते.

ठरवलं: निळीला कागदी, पण फुगायच्या आत बदलायचा. लाल ओल्या रेतीवरच जास्त चालते, तिला नाताळची गर्दी सरेपर्यंत जाळीचाच राहू दे, मात्र दर आठवड्याला डिझेलमध्ये धुवायचा. सासऱ्यांना समजावलं. म्हणाले, "म्हंजी भजीवाला जितला." आणि खूश होऊन चहा मागितला.

रविवार, ८ डिसेंबर

रितेश आला होता. सुकटीवर दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. खानावळीचं जेवण त्याला मानवत नाही, गालफडं बसली आहेत. फडकी दाखवली तर म्हणाला, "तू वकील व्हायला पाहिजे होतीस." मग जाता जाता म्हणाला, खोलीत ओटा बांधून घेतलाय. तुझ्या उंचीचा.

वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. सासूबाई तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभ्या होत्या. मग वळून माझ्याकडे बघत राहिल्या.

शुक्रवार, २० डिसेंबर

लालची जाळी धुवून पडवीत वाळत ठेवली होती. अंधार पडता पडता घाईत बसवली. कशी लखलखत होती! डिझेलचा गुण.

बुधवार, २५ डिसेंबर

लाल बंद पडली. भर गर्दीत, वर पुण्याचं जोडपं बसलेलं. आधी घरघर, मग खाड्‌कन जाम. ढकलत वर आणली. गिऱ्हाईक काय बोललं ते आठवतसुद्धा नाही.

गुरुवार, २६ डिसेंबर

हर्षद आला, इंजिन उघडलं. तेलात घासलेल्या धातूची चमकी, पिस्टनवर ओरखडे. जाळीच्या चुण्यांमध्ये राखाडी चिखल, त्यात काथ्याचे धागे, आणि एका ठिकाणी जाळी फाटलेली. त्याने चिखल बोटावर घेतला. "वहिनी, ही चुलीतली राख हाय."

आमची न्हाणीची चूल! मी वळले तर सासूबाई दारात.

"मीच घासली," म्हणाल्या. "काळी दिसली. भांड्यांसंगती घासून टाकली."

मी नको ते बोलले. कुणी सांगितलं होतं, माझ्या वस्तूला हात का लावता, तुम्हाला काय कळतं यातलं — सगळं, हर्षदच्या देखत. सासरे आधी हसले, मग माझं तोंड बघून उठून वाडीत गेले.

शुक्रवार, २७ डिसेंबर

रितेशला फोन करून सांगितलं. इंजिन उघडलं एवढंच, कसं ते नाही सांगितलं. आईच्या हातून चुकून झालं, हे कशाला त्याच्या कानावर? शब्द तो शब्द. वाटलं होतं, त्याला आनंद होईल. तो नुसतं म्हणाला, "बरं."

फोन ठेवून वाडीत गेले आणि रडून घेतलं. पोटभर.

मंगळवार, ३१ डिसेंबर

मुरूडचा एक माणूस गाड्या घ्यायला तयार आहे. टेम्पो घेऊन आगरदांड्याहून फेरीबोटीने शुक्रवारी येतो म्हणाला. निळी स्वच्छ धुतली. तिला नवा कागदी फिल्टर घातला. विकायचीय, तरी घातला.

सासूबाईंशी अजून बोलत नाही.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

बॅग भरत होते. सासूबाई आत येऊन खाली बसल्या.

"भांड्यांसंगती न्हाय घासली ती. जानूनबुजून राख भरली मी."

माझे हातच थांबले. विचारलं, रितेशचे हाल होतात म्हणून?

"त्याचं काय गो, बाप्या मानूस, जेवंल कुठंबी. हे थितं टॅक्सीवर, मी हितं. गनपतीला नवरा, शिमग्याला नवरा. म्हातारपनी घरी आले तर दोघांना बोलायला काय न्हाय. तुझं तसं नको व्हायला."

राग आला. अजून आहे. माझं मला ठरवू द्यायचं होतं.

उद्या सकाळी टेम्पो येईल. हे रितेशला आत्ता फोन करून सांगितलं तर इंजिन मुद्दाम बिघडवलेलं म्हणून माझा शब्द सुटतो, गाड्या राहतात, मी राहते. तो मात्र आईचं तोंड बघणार नाही.

नाही सांगणार.